घरची भांडी आणली तरी चालतील

मी रेडिओत गेले तेव्हा नाशिकला खासगी एफएम नवीनच आलं होतं आणि आपण शहरावर उपकार करतोय, अशी आमच्या स्टेशनमधल्या प्रत्येकाची खात्री होती. माझीही. त्या उपकारांसाठी मी पतसंस्थेतली चांगली नोकरी सोडली होती. ‘तिथून रिटायर झाली असतीस,’ असं वडील रोज जेवताना ऐकवायचे. वय माझं पंचवीस!

माझ्या वाट्याला काम आलं ते दुकानातून थेट प्रसारणाचं. दुकानदारानं बोलवायचं, आम्ही त्याच्या दारात मांडव टाकून दोन तास बोलायचं, ऐकणाऱ्यांनी धावत यायचं आणि सगळ्यांचं कल्याण व्हायचं. हे सगळं कागदावर. आमच्या व्हॅनवर भलामोठा अँटेना होता, तोही नुसता रंगानं काढलेला. आत एक स्टेपनी, टी-शर्टांचं खोकं आणि आमचा इंजिनिअर. प्रसारण व्हायचं साध्या मोबाइलवरून. तो मोबाइल इंजिनिअरच्या बायकोचा, त्यामुळे ऐन रंगात तिच्या माहेरचा फोन यायचा.

पहिलं प्रसारण कॉलेज रोडच्या एका सोफ्याच्या दुकानातून केलं. मालक माइक हातात द्या म्हणाले, दिला, ही माझी चूक. त्यांनी साडू, मेहुणे, व्याही आणि बिल्डिंगचे चेअरमन अशा सगळ्यांचे जाहीर आभार मानले. सोफा हा शब्द दोन तासांत एकदा आला, तोही ‘काका, सोफ्यावर बसा’ असा. गिऱ्हाईक आलं एक. तेही पंक्चरचं दुकान कुठंय, ते विचारायला.

दुसरं मुंबई नाक्यावरच्या मोटरसायकलींच्या शोरूममधून. या वेळी धोका नको म्हणून ऑफिसमधलीच माणसं गिऱ्हाईक म्हणून उभी केली. आमच्या अकाउंटंटनं एकच गाडी तीन वेगवेगळ्या आवाजांत पसंत केली. श्रोता म्हणून फोन करायला कुणी नव्हतं, म्हणून मी आईला सांगून ठेवलं होतं. आईनं आधी सातपूरहून, मग इंदिरानगरहून, मग नाशिकरोडहून फोन केला आणि तिन्ही वेळा शेवटी म्हणाली, ‘उन्हात फार उभी राहू नकोस हं बाळा.’ अख्ख्या शहरानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी दूधवाला आईला म्हणाला, ‘काकू, घर बदललं का?’

आमचे साहेब दिल्लीकडचे. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, ‘मॅडम, ये तीसरा और आखरी. मुझे भीड चाहिए. भीड नहीं आई, तो मंडेसे आप भी मत आना.’ पतसंस्थेत माझ्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसली होती. घरी यातलं काही सांगायची सोय नव्हती. वडिलांना इतका आनंद द्यायची माझी तयारी नव्हती.

तिसरं प्रसारण होतं भांडीबाजारातल्या एका दुकानातून, शनिवारी सकाळी अकरा ते एक. लग्नसराई ऐन भरात होती. दुकानाच्या पायरीवर नाव घालणारे काका बसायचे. आपल्याकडे आहेराचं भांडं नाव घातल्याशिवाय देतो कोण? ‘अमुकतमुक यांजकडून सप्रेम भेट’ हे भांड्यावर टर्रर्र करत कोरून घेतल्याशिवाय आपलं प्रेम पोचलंय यावर आपलाच विश्वास बसत नाही. काकांच्या हातातलं ते छोटं मशीन तीस वर्षं टर्रर्र करत होतं. शेठनी त्या दिवशी पहिलं काम काय केलं? मशीन बंद करायला लावलं. ‘रेडिओला डिस्टर्ब नको.’ काका बिचारे हात मांडीवर ठेवून बसले.

आणि मग सुरू झाले सत्कार. शेठनी अकरा पाहुणे बोलावले होते. नगरसेवक, माजी नगरसेवक, भावी नगरसेवक. प्रत्येकाला शाल, श्रीफळ आणि दोन शब्द. दोन शब्दांत आटोपणारा माणूस आपल्या गावात अजून जन्माला यायचाय. सातव्या पाहुण्यापर्यंत शाली संपल्या, तेव्हा शेठच्या पुतण्यानं पहिल्या पाहुण्याच्या खांद्यावरची शाल हळूच काढून आठव्याच्या खांद्यावर टाकली. पहिल्यांचं भाषण लोकांनी ऐकलं नव्हतं, पण हे बरोबर पाहिलं. रेडिओवर काय जात होतं? नारळ, टाळ्या आणि ‘हॅलो, हॅलो, येतोय का आवाज?’ मी घड्याळाकडे बघत होते. बारा वाजून गेले आणि मांडवात माणसं होती ती सगळी सत्काराची. रडू येत होतं आणि मी हसऱ्या आवाजात ‘वातावरण अगदी भारावलेलं आहे’ म्हणत होते. थू माझ्या जिभेवर!

तेवढ्यात पायरीवर आवाज चढला. मखमलाबादकडची एक बाई होती. पहाटे झेंडू विकून तशीच आलेली, पदराला अजून पाकळ्या. तिनं भाचीच्या लग्नासाठी हंडा घेतला होता आणि काका म्हणत होते, मशीन आता एक वाजल्यावर.

‘आन् मग बिननावाचा हंडा घिऊन काय करू?’ ती कडाडली. ‘मांडवात कुनाचाबी म्हनून खपंल. मला लगीच नाव पायजे.’

शेठचा पुतण्या धावला. ‘मावशी, हळू. रेडिओ चालू आहे. मालकांचं नाव सांगून जा, घालून ठेवतो.’

‘मालकाचं कशाला? झेंडू म्या लावला, म्या तोडला, मार्केटात म्या बसले. मालक घरी झोपलाय. माझं नाव घाला. निस्तं माझं.’

माइक माझ्या हातात होता आणि आठवे पाहुणे बोलायला उभे राहत होते. काय झालं मला, कुणास ठाऊक. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि पायरीवर जाऊन बसले. म्हटलं, ‘काका, करा चालू मशीन.’ बाईनं आपलं नाव सांगितलं, आडनावासकट, ठणठणीत. काकांनी टर्रर्र सुरू केलं. मी माइक हंड्याला लावला. इंजिनिअर डोक्यावर हात मारून घेत होता. बाई एकेका अक्षरागणिक सांगत होती, ‘मोठं काढा. लांबून दिसलं पायजे.’ कार्यक्रम सुरू झाल्यापासून पहिल्यांदा रेडिओवर कुणीतरी खरं बोलत होतं.

पाचव्या मिनिटाला स्टुडिओतून निरोप आला की फोन थांबत नाहीयेत. सगळ्या बायका आणि सगळ्यांचा प्रश्न एकच. घरातल्या भांड्यांवर सासऱ्यांचं नाव आहे, नवऱ्याचं आहे, दिराचंसुद्धा आहे. घरची जुनी भांडी आणली तर आमचं नाव घालून मिळेल का? मी काकांकडे पाहिलं. सकाळपासून गप्प बसवलेला तो माणूस एवढा खुलला होता, म्हणाला, ‘चालतील की! आणू देत!’ शेठला विचारायला हवं होतं. नाही विचारलं. मी माइकवर ओरडले, ‘या, या! घरची भांडी आणली तरी चालतील! नाव फुकट!’

आणि आल्या हो! वीस मिनिटांत भांडीबाजार बायकांनी गच्च भरला. कुणी पिशवीत ताटं घेऊन, कुणी कुकर काखोटीला मारून. पंचवटीहून दोघी जावा रिक्षात दोघींच्या मधे पिंप ठेवून आल्या आणि नाव कुणाचं यावरून रिक्षातच भांडत होत्या. एका आजींनी पानाचा डबा आणला होता. काकांनी विचारलं, काय घालू? तर आजींना स्वतःचं नाव चटकन आठवेना. माहेरचं सांगू की सासरचं, असं दोनदा त्यांनी मलाच विचारलं. मी माइक त्यांच्याच तोंडाशी धरला. नववे, दहावे आणि अकरावे पाहुणे गर्दीच्या पलीकडे नारळाशिवाय उभे होते.

मी साहेबांना फोन लावला. ‘सर, भीड! रास्ता बंद हो गया!’ ते खूश झाले. ‘शाब्बास, मॅडम!’ म्हणाले. चला, वाचले.

मग शेठ बाहेर आले. त्यांनी रांगेतलं एकेक भांडं उलटं करून पाहिलं. ‘हे माझ्याकडचं नाही. हेही नाही. अहो, हा तर समोरच्याच्या दुकानातला कुकर! ही गिऱ्हाइकं नव्हेत बाई, हे तुम्ही माझ्या दारात माझ्याच खर्चानं दुसऱ्यांच्या भांड्यांचं संमेलन भरवलंत!’ आणि त्यांनी थेट साहेबांना फोन लावला. खोटं कशाला बोलू, दोन तासांत त्यांचा तो एक हंडा खपला होता.

एकला पाच मिनिटं असताना मला साहेबांचा फोन आला. ‘मॅडम, मैने भीड बोला था, मतलब कस्टमर.’ बाकी काही नाही. सोमवारचं त्यांनी वेगळं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. गर्दी म्हणजे काय, हे एवढ्या इंग्रजी शिकलेल्या माणसाला दोन तासांनंतर कळलं आणि नोकरी माझी गेली!

डोळे पुसून वळले, तर रांगेतून आई बाहेर येत होती. घरून ऐकत होती म्हणे, राहवलं नाही. तिच्या हातात माझा शाळेपासूनचा डबा होता. त्यावर वडिलांचं नाव होतं, मी लहानपणी हरवेन त्या हिशेबानं घातलेलं. त्याच्या खाली ताजी, चकचकीत अक्षरं होती. माझं नाव, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘रेडिओ’.

‘काकांना म्हटलं, नुसतं नाव नको, हुद्दाही घाला,’ आई म्हणाली. ‘आता सोमवारी हाच डबा ने. बघू दे तुझ्या साहेबांना. आणि यांनाही बघू दे घरी.’ मग माझ्या तोंडाकडे बघून तिनं विचारलं, ‘काय गं? गर्दी कमी पडली का?’

‘नाही आई,’ मी म्हटलं. ‘खूप झाली.’

सोमवारी तिनं डबा भरून दिला. मी घेतला आणि नेहमीच्या वेळेला घरातून निघाले.