नांदुऱ्याच्या फलाटावरची सरगम

नांदुऱ्याच्या स्टेशनावर आम्ही मायलेकी गाडीची वाट पाहत बसलो होतो. माझ्या आठ वर्षांच्या मुलीचा गळा गोड, पण पुस्तकातली सरगम वाचायची म्हटली की ती रडायची. पेटीचा क्लास बंद करायचं आमचं जवळजवळ ठरलंच होतं. तरी मी तिला पुस्तक उघडायला लावलं आणि ती हुंदके देऊ लागली.

शेजारच्या बाकावर एक वयस्क बाई शेंगा सोलत होत्या. त्या उठल्या, विटेचा तुकडा शोधून आणला आणि फरशीवर सात घरं आखून त्यांत सा, रे, ग, म लिहीत गेल्या. "ये वं माय, लंगडी खेळू. ज्या घरात पाय पडीन, त्याचा सूर गायचा."

मुलगी डोळे पुसत उठली. बाईंनी एका अक्षराखाली टिंब दिलं. "टिंब खाली, तं आवाजबी खाली. बसून गा." मग 'सा'च्या डोक्यावर टिंब दिलं आणि स्वतःच टाचा उंचावून वरचा सा लावला. पदर खोचून त्याही उड्या मारत होत्या.

मुलगी चुकली की मी लगेच टोकायची. शेवटी त्या म्हणाल्या, "चुकू द्या ना बाई. काऊन घाई करून राह्यल्या? खेळता खेळता सापडीन तिले."

मी टोकायचं थांबवलं. थोड्या वेळानं मुलीनं आपणहून पुस्तकातली एक ओळ वाचली आणि उड्या मारत गाऊन दाखवली. बाईंनी तिच्या ओंजळीत शेंगदाणे ओतले.

तेवढ्यात आमची गाडी आली. गर्दीत त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं. आभार मात्र मी आजही मनात मानते. त्या दिवशी घरी पोचल्यावर मुलीनं आधी पेटी उघडली आणि मग पायातल्या चपला काढल्या.