सेनिसा आणि चौदा पायऱ्या

तुम्हीही तेच म्हणता ना, की बेवारशी कुत्री जर्मनीला पाठवणाऱ्या बायका त्यातून काहीतरी कमावत असणार? लाजू नका. आमच्या गावात बेकरीच्या रांगेत लोक हे माझ्या तोंडावर बोलतात आणि मी तोंडावरच उत्तर देते. पण एमेरितावर हाच संशय खुद्द मी घेतला होता.

एमेरिता अडुसष्ट वर्षांची. तीस वर्षं तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात हरभरे शिजवले. नवरा गेल्यावर माझ्याकडे आली. म्हणाली, "एखादं कुत्रं दे सांभाळायला, घर फार गप्प झालंय." मी तिला गाल्गो जातीचं दिलं. ही लांब पायांची शिकारी कुत्री भुंकतच नाहीत. आठवड्यानं भेटली तर म्हणते, "माझा नवराही असाच होता गं, चालेल." सहा वर्षांत तिच्या घरातून एकोणीस कुत्री धडधाकट होऊन परदेशी गेली.

स्पेनच्या आमच्या भागात, ला मांचात, सशांच्या शिकारीचा हंगाम जानेवारीअखेर संपतो. फेब्रुवारीत रस्त्याकडेला गाल्गो दिसायला लागतात. मालक सापडू नये म्हणून मानेतली चिप सुरीनं काढलेली असते. सेनिसा अशीच आली, तिला मी एमेरिताकडे ठेवलं. राखेच्या रंगाची, मानेवर जखम. जर्मनीतल्या ब्रेमेनच्या एका कुटुंबानं तिला मागितलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. अर्जावर मी लिहिलं, जिन्याची सवय आहे. हे मी प्रत्येकीच्याच अर्जावर लिहायचे.

जर्मनीला जाणारी आमची गाडी दर पंधरा दिवसांनी सुटते. पहिल्या गाडीला एमेरिता म्हणाली, "खोकतेय, राहू दे." दुसऱ्या गाडीलाही तेच. मी सेनिसाला डॉक्टरकडे नेऊन दाखवलं. खोकला औषधालाही नव्हता. ब्रेमेनवाले कंटाळले, शनिवारी आली नाही तर दुसरीकडून घेऊ, म्हणाले.

माझं डोकं फिरलं. त्यात बेकरीवालीनं कानाशी लागून सांगितलं, "तुझी एमेरिता रोज चार वाजता एलादियोकडे जाते. कुत्री घेऊन."

एलादियो! तीस-चाळीस गाल्गो ठेवलेला शिकारी. पंचायतीसमोर त्याच्या नावानं मी दोनदा फलक घेऊन उभी राहिलेय. सरळ हिशोब होता: धावणारी कुत्री ही बाई पैसे घेऊन परत शिकाऱ्यालाच देतेय. आज सेनिसा, उद्या आणखी किती? कुत्री सांभाळणाऱ्यांच्या यादीतून हिचं नाव खोडायचं, एवढं ठरवूनच मी गुरुवारी पाळत ठेवली.

चारला गाव दुपारच्या झोपेत, सगळ्या खिडक्या बंद. एमेरिता भिंतीच्या कडेकडेनं निघाली, सेनिसा तिच्या गुडघ्याला चिकटून. दोघी एलादियोच्या धान्यकोठीत शिरल्या. आतून त्याचा आवाज आला, "चल गं, अजून एक. घाबरतेस काय?"

मी दार लाथेनं उघडलं. "सापडलात! लाज वाटत नाही?"

माळ्यावर जाणारा लाकडी जिना. प्रत्येक पायरीवर उकडलेल्या कोंबडीचा तुकडा. पाचव्या पायरीवर सेनिसा, चारही पाय थरथरत. माझ्या ओरडण्यासरशी तिनं तिथूनच उडी मारली आणि माझ्या पायांमधून निसटून द्राक्षांच्या मळ्यांकडे दिसेनाशी झाली.

एमेरिता पायरीवरच बसली. "झालं समाधान? महिनाभर लागला पाच पायऱ्यांना."

"मला सांगायचं नाही? खोकल्याची थाप कशाला?"

"सांगितलं असतं तर इथं येऊ दिलं असतंस? गावात जिना आहे कुणाकडे? सगळी बैठी घरं. आणि तू अर्जावर लिहितेस, सवय आहे. ही जन्मली शिकाऱ्याच्या खड्ड्यात! कुठल्या जिन्याची सवय, रेमे? त्रूफाचं काय झालं, विसरलीस?"

विसरले नव्हते. गेल्या वर्षीची त्रूफा. आठ दिवस जर्मनीत जिन्याच्या तळाशी बसून राहिली. नवव्या दिवशी मालकीण उचलून नेत होती, तिचा पाय घसरला, कुत्री सुटून थेट रस्त्यावर, गाडीखाली. तिच्या अर्जावर अक्षर माझंच होतं.

एलादियो एव्हाना मोपेड बाहेर काढत होता. मी आडवी आले. "तू कुठं?"

"हाक मारून येणार आहे का ती? सरक बाई."

तो मळ्याच्या वाटेनं सावकाश निघाला, हॉर्न नाही, हाक नाही. दुसऱ्या फेरीला वेलींमधून एक राखाडी डोकं वर आलं. सेनिसा धावत आली आणि मोपेडच्या डाव्या बाजूला, चाकापासून हातभर अंतर ठेवून एका चालीत पळू लागली. शिकारी कुत्र्यांना अशीच दौड शिकवतात. आयुष्यभर विसरत नाहीत.

मी विचारलं, "तुझीच ना ही?"

"गाडी ऐकली की सगळीच येतात," तो म्हणाला. माझ्याकडे बघून नाही. मला तो आजही पटत नाही, आणि मानेवरची ती जखम मी विसरणारही नाही. पण माळ्याचा जिना त्याचा होता.

शुक्रवारी जिन्याच्या वरच्या टोकाला कोंबडी घेऊन मी बसले. एमेरितानं बसवलं, "तुझ्या तोंडाला कुलूप लावून बस." सेनिसा चौदा पायऱ्या चढली. उतरायला काही केल्या तयार होईना. एलादियोनं खांद्यावर घेऊन उतरवली.

संध्याकाळी मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये ब्रेमेनला फोन केला. अर्जावर मी खोटं लिहिलंय, असं सांगून टाकलं. चढते, उतरत नाही. दोघांनी उचलावी लागेल, पट्टा दोन ठिकाणी बांधून. पलीकडच्या बाईनं नवऱ्याला काहीतरी विचारलं. मग ती बाई म्हणाली, "माझा नवरा सुतार आहे. तो फळ्यांची उतरण करून देईल, चालेल का?"

शनिवारी सेनिसा गाडीत चढली. एमेरिता रडली नाही; पिंजऱ्यात आपला जुना स्वेटर तेवढा ठेवला.

आता माझ्या स्वयंपाकघरात पाय मोडलेली एक काळी कुत्री पडून आहे. तिला हॉलंडचं घर मिळालंय, दुसरा मजला. एलादियोच्या कोठीची पायरी मी पुन्हा चढणार नाही. तुमच्या घराला जिना आहे? मग तिला सहा आठवडे ठेवून घ्या, पाय बरा झाला की जिना शिकवा. उद्याच या आणि घेऊन जा.