पेटीवर बसलेली यमुना

यमुना, तुझ्याबद्दल लिहितेय म्हणून फुगून जाऊ नकोस. आता तू कोट्याला असलीस तरी कोटा काही परदेशात नाही, हे तुझ्या हाती पडणारच. तेव्हा आधीच सांगते: तो ताप घरात पोसलास तूच, आणि नवरा वाचवलास तोही तूच. मी दोन्ही लिहिणार.

तर ही यमुना मनमाडची. नळाची वाट बघत वाढलेली बाई पाणी फेकत नाही. नवरा उत्तम मालगाडीचा गार्ड. बदलीवर जयपूरला आले आणि स्टेशनाजवळ अलकाताईंच्या, म्हणजे हे लिहिणारीच्या, घरात खाली भाड्याने राहिले. २००६ चा पावसाळा सरता सरता शहरात डेंग्यू पसरला. कूलर रिकामे करा, असं बजावत पालिकेची माणसं गल्लीतून फिरून गेली. यमुनेने इमानदारीने कूलर रिकामा केला आणि ते पाणी बादलीबादलीने मोरीतल्या ड्रममध्ये नेऊन ओतलं. धुण्याला होईल म्हणून.

अलकाताईंनी ड्रममध्ये डोकावून पाहिलं, तर अळ्या वळवळत होत्या.

"बाई, तू ह्यांना मारलं नाहीस. ह्यांची बदली केलीस."

यमुना हसली. पण हा डास चावतो दिवसाउजेडी, आणि रात्रपाळी करून आलेला उत्तम मोरीशेजारच्या खोलीत दिवसाच झोपायचा. तो तापाने फणफणला. डोळ्यांमागे ठणका, हाडं मोडल्यासारखी. तपासणीत डेंग्यूच निघाला. डॉक्टरांनी भरपूर पाणी पाजायला सांगितलं, तापाला साधी पॅरासिटामॉल दिली आणि अंगदुखीची दुसरी कुठलीही गोळी द्यायची नाही, रक्तस्राव होतो, असा दम भरला. ताप उतरेल तेव्हा खरं लक्ष ठेवा, असंही म्हणाले. ते कुणी मनावर घेतलं नाही. उतरल्यावर कसलं लक्ष?

आणि एका सकाळी ताप उतरला. फुलेऱ्याकडे जाणाऱ्या गाडीवर हजर व्हायचा निरोप आलाच होता. उत्तमने पांढरा युनिफॉर्म चढवला. बावटे आणि दिवा असलेली त्याची लोखंडी पेटी दाराशी तयार होती.

"बघ, मतलब एकदम फ्रेश," तो म्हणाला, आणि बुटाची नाडी बांधताना भिंतीला टेकला.

चहा घेतला, तो ओकून टाकला. रिकाम्या पोटी घेतला म्हणून, म्हणाला. पोट दुखतंय, हेही जाता जाता बोलला. यमुनेने त्याचा हात धरला. थंड, ओला. बेसिनमध्ये त्याने दात घासून टाकलेला फेस गुलाबी होता. तेव्हा तिला डॉक्टरांचं ते वाक्य आठवलं. ती उठली आणि पेटीवर जाऊन बसली.

"ऊठ यमुना. गाडी थांबायची नाही."

"नको थांबू दे. गाडीच्या शेपटाला तुम्ही एकटे. तिथं पडलात तर इंजिनवाल्याला सांगणार कोण?"

तो चिडला. ऐन वेळी दुसरा गार्ड कुठून आणणार, नोकरी घालवतेस का, असं बरंच बोलला. मग पेटीची कडी ओढायला वाकला आणि तिथेच जमिनीवर बसला. यमुनेने खालूनच अलकाताईंना हाक मारली, रिक्षा आणा म्हणून.

रिक्षात तो पुन्हा पुन्हा किती वाजले विचारत होता. मग विचारेनासा झाला. यमुना त्या न विचारण्यालाच जास्त घाबरली.

रुग्णालयात सलाईन लागलं. ताप उतरताना रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपतं, दाब कोसळतो, असं डॉक्टरांनी समजावलं. गाडीत असते तर, एवढं म्हणून ते थांबले. उत्तमचे हात गरम होईपर्यंत यमुना स्टुलावरून हलली नाही.

घरी परतल्यावर तिने पहिल्यांदा ड्रम लिंबाखाली उलटा केला. अळ्या मातीत मेल्या, पाणी झाडाला गेलं, मनमाडचा जीवही शांत झाला. मग काथ्याने ड्रमच्या कडा घासल्या. अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात, हे अलकाताईंनी ओरडून ओरडून तिच्या डोक्यात घातलं होतं. दर आठवड्याला ती घासत राहिली.

तयार झाकण काही त्या ड्रमला बसेना. यमुनेने तोंडाला सुतळी गुंडाळून माप घेतलं, गाठ मारली आणि अलकाताईंकडे दिली. दोघींनी चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या, पत्रेवाल्याकडून झाकण करून घ्यायचं ठरलं. भाव अलकाताईंनी करायचा, झाकण यमुनेने उचलायचं. आधी उत्तमचा अशक्तपणा आडवा आला, मग अलकाताईंचे गुडघे, मग कोट्याची बदली. ड्रम गेला तोंडाला फडकं बांधून.

सुतळी अलकाताईंच्या खिडकीच्या गजाला आहे. गाठ तशीच.