डोळे तपासा

आमच्या छापखान्यात अक्काच्या नजरेतून चुका सुटताहेत, असं एकदाच झालं, आणि त्या वेळी दोष तिचा नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण तो तिचाच आहे असं सगळ्यांत मोठ्याने म्हणणारा माणूस मी होतो.

मी तिथे प्रुफं तपासायचो. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घ्यायचो. मला सगळे मास्तर म्हणत. शाळेत मी एक दिवसही शिकवलेलं नाही, पण माझ्या चेहऱ्याकडे बघून लोकांना दुसरं काही सुचत नसावं. अक्का माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, तरी तिला मीही अक्काच म्हणायचो.

तिचे वडील याच छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायच्या, हे त्यांचं काम. अक्का नऊ वर्षांची असताना खिळ्यावरचं उलटं अक्षर वडिलांच्या आधी वाचून दाखवायची. पन्नाशीत त्यांचे डोळे गेले. मग ते घरी बसून एकच खिळा बोटांनी चाचपत राहायचे आणि हा 'क' की 'फ' ते ओळखायचे. त्यांच्या जागेवर अक्का आली. पुढे खिळे भंगारात गेले, कॉम्प्युटर आले, सहा जुळाऱ्यांपैकी पाच घरी गेले आणि अक्का राहिली. की-बोर्ड तिने महिन्याभरात पाठ केला.

मग मालकांनी शब्दकोशाचं काम घेतलं. बाराशे पानं. त्यासाठी दोन माणसांना धापा टाकत उचलून आणावा लागला असा मॉनिटर आला. आमच्या कॉम्प्युटरवाल्याने त्यावर दोन पानं शेजारी-शेजारी अख्खी दिसतील अशी सोय केली आणि जाताना बजावलं, "सेटिंगला कुणी हात लावायचा नाही." अक्काने 'अ'पासून सुरुवात केली. हा कोश 'ज्ञ'पर्यंत मीच जुळवणार, असं तिने घरी जाहीर करून टाकलं होतं.

'न' संपेपर्यंत तिचं कपाळ ठणकायला लागलं. 'प'मध्ये डोळ्यांतून पाणी. आणि 'भ' आला तेव्हा प्रुफात चुका यायला लागल्या. 'ध'चा 'घ', 'ष'चा 'प'. एका पानावर तर 'पोट भरणे'चं 'पोट मरणे' झालं होतं, आणि पुढे अर्थ दिला होता 'उदरनिर्वाह करणे'. मी खदखदून हसलो. मग समासात लाल पेन्सिलीने ठळक लिहिलं, 'डोळे तपासा', आणि खाली दोन रेघा ओढल्या. अक्काने ते वाचलं आणि पान घडी करून पिशवीत ठेवलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

डोळे तपासायला ती गेलीच. बरोबर यजमान होते. ते शिंपी, आणि त्यांच्या सुयांत दोरा ओवायचं काम लग्नापासून अक्काकडे. डॉक्टरबाईंनी सगळं बघून सांगितलं, डोळे ठणठणीत आहेत, चष्म्याचा नंबरही तोच.

"मग मला दिसत का नाही?" अक्काने विचारलं.

यजमान मध्येच म्हणाले, "डॉक्टर, रविवारी ही पहिल्या झटक्यात दोरा ओवते. शनिवारी कामावरून आली की हिला सुईच सापडत नाही."

डॉक्टरबाईंनी मग काम कशावर करता, पडदा कसा आहे, सगळं विचारून घेतलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'पडद्याचा रिफ्रेश रेट वाढवून घ्यावा.'

त्या चिठ्ठीचे आमच्याकडे जे हाल झाले ते काय सांगू! मालकांच्या नजरेत आधी शेवटचे शब्द भरले. "रेट वाढवून घ्यावा? हे डॉक्टरने सांगायचं? रेट मी ठरवणार!"

"माझा नाही हो मालक, पडद्याचा," अक्का म्हणाली.

कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "रिफ्रेश ना? सोपं आहे. माउसचं उजवं बटण दाबा, यादी उघडते, त्यातलं रिफ्रेश दाबा. रेट वाढवा म्हणजे जास्त वेळा दाबा."

हे आम्हाला पटलं, कारण ते आम्ही रोज करतच होतो. सकाळी मशीन सुरू केलं की चार-पाच वेळा रिफ्रेश दाबल्याशिवाय आमच्याकडे कुणी कामाला हात लावत नसे. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. मालकांनी भिंतीवर कागद डकवला: 'दर तासाला दहा वेळा रिफ्रेश करावे.' अक्का इमानेइतबारे करायची. आठवड्याने मी विचारलं, "कसं आहे?"

"डोकं दुखतंय तेवढंच दुखतंय," ती म्हणाली. "आता बोटही दुखतंय."

त्या सोमवारी मालकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. शनिवारपर्यंत प्रुफं सुधारली नाहीत, तर 'म'पासून पुढचं काम बाहेर द्यायचं आणि अक्काने बाइंडिंगमध्ये छापलेल्या कागदांना घड्या घालायला बसायचं. ती बाहेर आली आणि माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसली.

"मास्तर, वडिलांसारखं झालं असेल तर?"

माझ्यात थोडी अक्कल असती तर मी गप्प बसलो असतो. मी म्हणालो, "वय कुणाला चुकलंय, अक्का?" ती उठून गेली. ते वाक्य आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

बुधवारी दुपारी तिने मला हाक मारली. हस्तलिखित डाव्या हाताला ठेवून ती वाचत होती, पडदा उजवीकडे.

"मास्तर, हा थरथरतो."

"कोण?"

"पडदा. सरळ बघितलं की शहाण्यासारखा बसतो. मी कागदाकडे बघितलं की डोळ्याच्या कोपऱ्यात थरथरतो. आई बघत असली की पोर कसं गुणी असतं, तसं चाललंय याचं."

मी वाकून बघितलं. "मला तर काही दिसत नाही. अक्का, आता पडद्याला नको दोष देऊस."

"दोष!" तिचा पारा चढला. माझ्या कानावरची लाल पेन्सिल तिने ओढून घेतली आणि पडद्यासमोर माझ्या नाकाखाली जोरजोरात नाचवली. "मी काय उगाच बोलतेय?"

आणि आम्ही दोघेही थांबलो. पांढऱ्या पडद्यासमोर एका पेन्सिलीच्या सहा-सात पेन्सिली झाल्या होत्या. सुट्या सुट्या, मोजून घ्याव्यात अशा. तिने तीच पेन्सिल खिडकीच्या उजेडात नाचवली, तर नुसता लाल पट्टा. पुन्हा पडद्यासमोर, पुन्हा सहा-सात.

"लुकलुकतोय मेला," अक्का हळूच म्हणाली. "दिवसभर माझ्या तोंडावर लुकलुकतोय."

मालक बाहेर गेले होते. ती सरळ त्यांच्या केबिनमध्ये शिरली. त्यांचा मॉनिटर लहान, आणि त्यावर पत्त्यांचा डाव अर्धवट पडलेला. तिथे पेन्सिल नाचवली तर पेन्सिली दाटीवाटीने आल्या, जवळजवळ चिकटून. अक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "वा! पत्ते खेळायला शांत पडदा, आणि कोशाला हा."

मग तिने पिशवीतून डॉक्टरबाईंची चिठ्ठी काढून माझ्यासमोर धरली. "मास्तर, इथे शब्द दोन आहेत. रिफ्रेश आणि रेट. आपण सगळ्यांनी एकच वाचलाय."

सुटलेले शब्द शोधायचा पगार मी घेत होतो. मी चष्मा पुसायला लागलो.

माळ्यावरच्या खोक्यात, थर्माकोलच्या खाली, मॉनिटरबरोबर आलेली पुस्तिका होती. तेरा भाषा आणि मुंगीएवढी अक्षरं. आजवर तिला कुणी हात लावला नव्हता. अक्का भिंग घेऊन बसली आणि तिने ती पहिल्या पानापासून वाचली. मध्येच म्हणाली, "छपाईच्या दोन चुका आहेत हिच्यात." एकोणिसाव्या पानावर कोष्टक सापडलं. पडद्यावरचं चित्र दर सेकंदाला कितीदा नव्याने रंगवलं जातं, तो त्याचा रेट; तो कमी पडला की लुकलुक डोळ्यांना जाणवते. आमच्यासारखं दोन पानं मावतील एवढं चित्र ठेवलं तरी हा पडदा सेकंदाला पंच्याऐंशी वेळा रंगवू शकतो. मग तिने माउसचं उजवं बटण दाबलं. तीच यादी उघडली. रिफ्रेशच्या खाली, अगदी तळाला, प्रॉपर्टीज. तिथून ती आत आत शिरली तर आकडा सापडला: साठ. आम्ही शेकडो वेळा रिफ्रेश दाबलं होतं, आणि त्याच यादीत चार बोटं खाली कुणी उतरलं नव्हतं.

आकडा लगेच बदलता आला असता. तिने बदलला नाही. "सगळ्यांसमोर बदलते," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी मालक आले आणि कॉम्प्युटरवालाही आला. तिने माउस हातात घेतलेला बघून तो ओरडला, "अहो अक्का, हात लावू नका! मॉनिटर जळेल!"

अक्काने पुस्तिका त्याच्यासमोर टाकली. "पान एकोणीस. मोठ्याने वाचा."

त्याने मनातल्या मनात वाचलं आणि मान खाजवली.

"आणि जळलाच तर?" मालक म्हणाले.

"तर मी आत्ता उठून घड्या घालायला बसते. तोंडातून शब्द काढणार नाही."

तिने पंच्याऐंशीवर बोट ठेवलं आणि दाबलं. पडदा काळा झाला. "गेला!" मालकांनी कपाळावर हात मारला. मग टक् असा आवाज झाला, चित्र परत आलं, आणि मध्ये चौकोन उभा राहिला: हे सेटिंग ठेवायचं का? खाली पंधरा सेकंदांची मुदत.

"दाबा हो, दाबा!" मालक म्हणाले.

"आधी प्रूफ, मग सही," अक्का म्हणाली. तिने माझ्याकडे हात केला. मी पेन्सिल दिली. तिने ती पडद्यासमोर नाचवली, पेन्सिली दाट आल्या, मालकांच्या पडद्यावरच्यापेक्षाही दाट. मग तिने मान वळवली, भिंतीवरच्या त्या दहा वेळांच्या कागदाकडे बघत राहिली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पडद्याला निरखलं.

"गप्प बसला," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि तिने ते पुसलेही नाहीत. "माझे डोळे चांगले आहेत." मग तिने 'होय' दाबलं.

मालकांनी स्वतःच्या हाताने तो कागद भिंतीवरून काढला.

'म'चं पहिलं प्रूफ आलं, सोळा पानं. मी ते दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा हट्टाने वाचलं. एक चूक मिळाली, ती मूळ हस्तलिखितातली. बुधवारी कामावरून घरी गेल्यावर अक्काने यजमानांच्या चार सुया लागोपाठ ओवल्या, आणि गुरुवारी हे आम्हाला तीनदा ऐकावं लागलं. कॉम्प्युटरवाला तेव्हापासून खिशात लाल पेन्सिल ठेवतो आणि दुसऱ्या कचेऱ्यांत जाऊन ती पडद्यासमोर नाचवतो, जणू हा शोध त्याच्याच तीर्थरूपांनी लावला.

कोश पुरा झाला. 'ज्ञ'चं शेवटचं पान अक्काने स्वतः माझ्या टेबलावर आणून ठेवलं. मी तपासलं, सही केली आणि म्हणालो, "संपलं एकदाचं."

"एक चूक राहिली आहे, मास्तर."

तिने पिशवीतून 'भ'चं ते जुनं पान काढून माझ्यापुढे पसरलं. समासात माझं अक्षर, खाली दोन रेघा: 'डोळे तपासा'. मी तिच्याकडे बघितलं. ती हसत नव्हती. मी पेन्सिल घेतली, 'डोळे' खोडलं आणि वर लिहिलं, 'पडदा'. पान तिच्याकडे सरकवलं.

तिने ते डोळ्यांजवळ नेऊन नीट वाचलं, कोपऱ्यात आपली सही केली आणि म्हणाली, "आता छापायला हरकत नाही."