धोंडीबाच्या जागेवरचा माणूस

साडेपाच वर्षे नवरा घरी फिरकला नाही, तरी हौसाबाई त्याच्या शोधात एकदाही का निघाली नाही, या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत लेखकाला देता आलेले नाही. महिन्याच्या महिन्याला पंधरा रुपयांची मनीऑर्डर येत होती, हे खरे. परंतु दिवाळीलाही न येणाऱ्या माणसाबद्दल तेवढ्याने कुणाचे समाधान होते?

जुन्नर तालुक्यातल्या पिंपळखोऱ्याचे धोंडीबा आणि तानाजी १९४८ च्या श्रावणात कल्याणला उतरले. धोंडीबापाशी ठाकुर्लीजवळच्या एका रंगाच्या कारखान्याचे हजर होण्याचे पत्र होते. तानाजीपाशी काहीच नव्हते. वाटखर्चसुद्धा धोंडीबाचाच. धर्मशाळेत दुसऱ्याच दिवशी धोंडीबा तापाने फणफणला. तारीख टळली तर जागा जाणार, म्हणून तोच म्हणाला, "तू जा माझ्या नावानं. मी उठलो की बदलून घेऊ. साहेबाला आपली तोंडं सारखीच."

तानाजी गेला. चौथ्या दिवशी पाळी संपवून परतला, तो धोंडीबा गार पडलेला. शेवटी त्याने पाणी मागितले असेल, तर ते द्यायला जवळ कोणी नव्हते, हे तानाजीच्या मनातून पुढे कधी गेले नाही. स्मशानातल्या कारकुनाने मयताचे नाव विचारले. धोंडीबा तर कारखान्यात हजर होता. तो मेला म्हणून कसे सांगणार? तानाजीने स्वतःचे नाव सांगितले आणि आपल्या थोरल्या भावाला तसेच कार्ड लिहवून घातले.

तेव्हापासून तो धोंडीबा झाला आणि धोंडीबाच्या बायकोला, हौसाबाईला, त्याच नावाने मनीऑर्डर धाडू लागला. गावचे कुणी भेटले असते तर नोकरी जाती, तुरुंग घडता आणि हौसाबाईची चूलही विझती. म्हणून तो कल्याणच्या बाजारात जाईना, डोंबिवलीहून भाजी आणी.

१९५४ च्या चैत्रात एका दुपारी हौसाबाई कारखान्याच्या फाटकाशी उभी राहिली.

"नाव काय माणसाचं?" पहारेकरी दौलतने विचारले.

तिने पदर तोंडाशी नेला. नवऱ्याचे नाव घेण्याची रीत नव्हती. "मालनचा बाप."

"असे बाप छप्पन आहेत इथं, बाई. गाव तरी सांगा."

"पिंपळखोरं. तालुका जुन्नर."

त्या गावचा कारखान्यात एकच माणूस. दौलतने आत हाक दिली, "अरे धोंडीबा, तुझी कारभारीण आलीय."

तानाजी हात पुसत बाहेर आला आणि जागीच थांबला. हौसाबाईने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले.

"भावजी," ती म्हणाली, "तुमच्या तेराव्याला पोळ्या मी लाटल्या होत्या."

त्याने तिला फाटकापासून दूर, कुंपणाच्या सावलीत नेले आणि काहीही न लपवता सगळे सांगितले. ती म्हणाली, "मालनचं लगीन ठरलंय वैशाखात. कन्यादानाला बाप न्यायला आले होते मी."

"वहिनी, मी उद्याच साहेबाला खरं सांगतो. पोलिसात देऊ देत."

"आणि पैसं कोण धाडील? तुमचा साहेब?"

मग तिनेच विचारले,

"तुमचं श्राद्ध होतं ना, श्रावण वद्य पंचमीला, तिथी तीच का?"

"तीच."

"तुमचा भाऊ दर साली पान ठेवून हाका मारतो. कावळा शिवत नाही. गाव म्हणतं, तान्याचं काहीतरी राहून गेलंय." ती हसली, आणि मग पदराने डोळे पुसले. "म्हणजे पान त्यांच्या वाट्याचं होतं."

जाताना तिने बजावले, "लगीन होईतो त्यांना जितं राहू द्या. रजा मिळाली नाही म्हणते. कन्यादान माझा भाऊ भिवा करील. मग कार्ड घाला. कुंकू मी त्या दिवशी पुसते."

"आणि ही नोकरी?"

"ती त्यांची हाय. टाकून कुठं जाता?"

ज्येष्ठात धोंडीबा वारल्याचे कार्ड गेले. त्यानंतर, गावाला संशय नको म्हणून, मनीऑर्डरी भिवाच्या नावे जाऊ लागल्या. तानाजीने पुढे लग्न केले नाही. कुणी विचारले तर गावाकडे बायको आहे, असे सांगण्याचेही त्याने सोडून दिले. साहेबाकडे जायला तो दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा यंत्रापाशी परतला.

कारखान्याच्या हजेरीपटावरून धोंडीबाचे नाव ३० जून १९७९ रोजी, वयोमानानुसार निवृत्ती असा शेरा देऊन, कमी करण्यात आले.