पोळ्याचं आवतन

"दाब बे, सोडू नको! सोडलं का मेला तो!" डॉक्टरसाहेब ओरडत होते. बुलढाण्यात त्यांच्या दवाखान्यात ऐन पोळ्याच्या दुपारी लाईट गेली, कॉम्प्रेसर गप्प पडला, आणि आमच्या गोऱ्ह्याच्या छातीत बसवलेलं रबराचं काळीज आता माझ्या हातातल्या भात्याच्या हवेवर चालत होतं. एरवी तो कॉम्प्रेसर असा गर्जायचा, की तिकडे देऊळघाटच्या म्हशी पान्हा चोरायच्या.

गोऱ्हा आम्हीच दिला होता. माझ्या कारभारणीचं काळीज लहानपणच्या तापानं निकामी झालेलं. साहेब म्हणाले होते, यंत्र जनावरात टिकलं तर पुढेमागे माणसातही बसेल. तेव्हापासून मी महादेवाशी सौदाच मांडला होता: गोऱ्हा जगव, म्हणजे ती जगेल. तिला मात्र वेगळाच घोर: पोळ्याला तो उपाशी राहू नये. आदल्या संध्याकाळी तिनं, नळ्या सांभाळत, अजून जू न लागलेल्या त्याच्या खांद्याला लोणी-हळद चोळली आणि रीतीप्रमाणे कानात सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आता ती पुरणपोळी आणायला घरी गेली होती, आणि पाहुणा ताटाआधीच निघाला होता.

भात्याची शिवण उसवू लागली. मी पंचक्रोशीतले सगळे पैलवान लोळवलेला गडी, पण हातांचं लाकूड झालं. मनात म्हणालो, देवा, सौदा सोडला मी. आता तुझं तू बघ.

तोच दारात एक घिसाडी पाणी मागायला उभा राहिला. खांद्यावर भाता. पोळ्याला कोण काम करतं? साहेबांनी नळी त्याच्या भात्याला जोडली. तो काही न विचारता बसला आणि लोखंड तापवावं तशा सबुरीनं हवा देत राहिला. ही गोष्ट सांगताना मी त्याला जटा लावतो, भस्म फासतो. ते सोडून द्या. तो आला, एवढं खरं.

कारभारीण धापा टाकत आली. गोऱ्ह्यानं तिच्या हातून पुरणपोळीचा एक घास खाल्ला. थोड्या वेळानं त्याच्या नाकातून रक्त आलं. साहेबांनी मान हलवली. घिसाड्यानं भाता थांबवला, पाणी प्याला आणि गेला.

पुढचा पोळा कारभारणीनंही पाहिला नाही. मी मागितलं ते मिळालं नाही. मागायचं सुचलंच नव्हतं, ते तिच्या पदरात पडलं. किती द्यायचं ते देणारा ठरवतो. मी आता फक्त हात जोडतो. त्या घिसाड्यालाही.

त्या पोळ्याच्या संध्याकाळी घरी जाताना वाटेत मी तिला म्हणालो, गोऱ्हा गेला, आता तुझं कसं व्हावं. तिनं रिकामं ताट काखेत धरलं होतं.

"जेवून गेला नं," ती म्हणाली. "चला, घरचे बैल उपाशी हायेत."