एक राहू दे

जुन्या बंदुकांच्या दुकानात काउंटरवर बसलं की किस्से शोधायला जावं लागत नाही. विकायला आलेला माणूस बंदूक नंतर ठेवतो, गोष्ट आधी काढतो. आणि गोष्ट बहुतेक वेळा थाप असते, म्हणून तर ती रंगते.

मी प्रकाश, मूळचा नागपूरचा. आठवडाभर ऑइल कंपनीत व्हॉल्व्ह आणि पाइप बघतो आणि शनिवारी टेक्सासमधल्या शुगर लँडच्या बाहेर, हायवेला लागून असलेल्या वॉल्टरच्या दुकानात जुन्या रायफली तपासून देतो. वॉल्टर म्हणजे मालक. सत्तरी उलटलेला, बोलण्यात कंजूष. त्याने मला ठेवलं ते एकाच कारणासाठी: मी ‘रिकामी आहे’ म्हटलं की ती रिकामी असते. त्या एका शब्दावर गिऱ्हाईक बंदूक घरी नेतं आणि घरी त्याची पोरंबाळं असतात. किंमत सांगण्यात चुकलो तर वॉल्टर दोन दिवस तोंड फुगवून बसतो. हा शब्द मात्र चुकून चालत नाही यार.

* * *

एकदा मोठी टोपी घातलेले एक गृहस्थ लिव्हर-ॲक्शन रायफल घेऊन आले. सिनेमात घोड्यावरचा माणूस ट्रिगरभोवतीची कडी खटकन पुढे ढकलून मागे ओढतो ना, ती. पणजोबांची म्हणे. गुरं हाकताना कायम सोबत असायची. सांगता सांगता त्यांनी टोपी काढून छातीशी धरली.

तरी मी आपला सिरियल नंबर पाहिला आणि वॉल्टरने कॅटलॉग काढला.

“सर,” मी म्हणालो, “ही बनली तेव्हा तुम्ही शाळेत होतात.”

गृहस्थांनी टोपी परत डोक्यावर चढवली. मग म्हणाले, “माझे पणजोबा फार जगले.”

* * *

दुसऱ्या एकाने रायफल घासूनपुसून इतकी चमकवून आणली की तिच्यात बघून दाढी करावी. आता आमच्या धंद्यात चमक दिसली की किंमत उतरते. पॉलिश फार झालं की लोखंडावरच्या अक्षरांच्या कडा बुजतात. लाकूड लोखंडापेक्षा खाली बसलेलं दिसलं म्हणजे सँडपेपर फिरलेला आहे. स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या असल्या म्हणजे कोणीतरी घरी बसून ती खोलली आहे. याच्या रायफलीत तिन्ही गोष्टी होत्या.

“अगदी नव्यासारखी केलीय,” तो म्हणाला.

“हो ना,” वॉल्टर म्हणाला. “चांगली होती बिचारी.”

* * *

आता खरी गोष्ट. रूथ नावाची एक म्हातारी नवऱ्याची रायफल घेऊन आली. नवरा गेल्याला वर्ष होत आलं होतं. स्क्रूला कोणी हात लावला नव्हता, अक्षरं कडक, बॅरलमध्ये लाइट टाकला तर आतले आटे लख्ख. इतकी प्रामाणिक रायफल मी क्वचितच पाहिली असेल. मी लिव्हर ओढली आणि आतून एक काडतूस बाहेर पडलं. जुनं, पितळ काळं पडलेलं.

“मॅडम, ही लोडेड होती,” मी जरा चिडूनच म्हणालो.

“असेल,” रूथ शांतपणे म्हणाली. “तो नेहमी म्हणायचा, एक राहू दे. काही एकदम रिकामं करू नये.”

मी ते काडतूस वॉल्टरच्या ड्रॉवरमध्ये टाकलं. रूथ दारापर्यंत गेली आणि वळली.

“तुम्ही काढलंत ते बरं केलंत,” ती म्हणाली. “मीही दर वेळी काढायची.”

* * *

ती रायफल एका रँचवाल्याने घेतली. देताना मी दोनदा तपासली. या रायफलीत काडतुसं बॅरलखालच्या नळीत एकामागे एक झोपलेली असतात आणि स्प्रिंग त्यांना मागे ढकलते. स्प्रिंग थकली की शेवटचं काडतूस पुढेच अडकून राहतं, म्हणून नळीही पाहावी लागते. पाहिली. काही नव्हतं.

महिनाभराने तो परत आला. रायफल काउंटरवर ठेवली आणि शेजारी एक काडतूस.

“तू दिलीस तेव्हा ही रिकामी होती ना?”

“होती.”

“मी अजून एकही काडतूस विकत घेतलेलं नाही,” तो म्हणाला. पैसे परत घेतले आणि रायफलीकडे न बघता गेला.

मला राग आला, स्वतःचाच. म्हटलं, नळीत राहिलं असणार, चुकलो. रूथचं काडतूस ताडून बघावं म्हणून मी ड्रॉवर उघडला. ते तिथे नव्हतं.

“वॉल्टर, पहिलं कुठंय?”

वॉल्टरने काउंटरवरचं काडतूस बोटाने फिरवून पाहिलं. “हेच ते,” तो म्हणाला आणि जेवायला निघून गेला.

सरळ सांगतो, मला भीती वाटली. आमचं घर बौद्ध. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाणारे आम्ही. भूतखेत, नवससायास घरात शिरू दिलं नाही वडिलांनी. त्या दिवशी मी नवी स्प्रिंग बसवली आणि स्वतःला चार शिव्या घातल्या.

* * *

मग आला भास्कर. माझा मित्र, पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. त्याला दसऱ्याच्या शस्त्रपूजेला खरं शस्त्र हवं होतं.

“दरवर्षी लॅपटॉप, कारची किल्ली आणि भाजीची सुरी,” तो म्हणाला. “पूजा आहे की गराज सेल?”

सगळं दुकान पाहून त्याला आवडली ती रूथचीच. मी त्याला झालेलं सगळं सांगितलं. तो खो खो हसला.

“पक्या, लेका, तू भूत मानायला लागलास?”

हे झोंबलं मला. म्हटलं घे, पण एक अट. दसऱ्याला मी येणार, आणि नळीतली स्प्रिंग माझ्या खिशात राहणार. स्प्रिंग नाही तर काडतूस वर चढायची सोयच नाही. भास्करची ईशा तिसरीत आहे. माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली पोर. तिच्या घरात जाणार होती ती रायफल.

दसऱ्याला दुपारी गेलो. भास्करची आई, म्हणजे आमच्या काकू, पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. मसालेभाताला तांदूळ काढत होत्या. डब्याच्या तळाशी मूठभर राहिले तेव्हा त्यांनी झाकण लावलं.

“संपवून टाका ना काकू, तेवढ्यासाठी काय ठेवताय?” मी म्हणालो.

“नाही रे बाबा. डबा रिकामा करू नये.”

मी खिसा चाचपला. स्प्रिंग होती.

सगळ्यांसमोर लिव्हर उघडली, करंगळी आत घालून पाहिली, नळीत लाइट मारला. “रिकामी आहे,” मी म्हणालो आणि लिव्हर बंद केली. पाटावर रायफल ठेवली. काकूंनी हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला, आपट्याऐवजी मागच्या अंगणातल्या रेडबड झाडाची, जरा तशीच दिसणारी पानं वाहिली. आरती होईपर्यंत मी पाटापासून हललो नाही.

मग ईशाला फोटो हवा झाला. मी नको म्हणेपर्यंत तिने रायफल उचललीसुद्धा. जड होती, बॅरलचं तोंड फिरलं आणि थेट फोन धरून उभ्या असलेल्या भास्करवर आलं. बोट ट्रिगरवर.

“ईशा, बोट काढ.”

“काका, इट्स एम्प्टी,” ती म्हणाली. “यू सेड सो.”

“थांब गं सोन्या,” सोफ्यावरून काकू म्हणाल्या. त्यांच्या हातात कुंकवाची कोयरी होती. “आतल्याला लावायचं राहिलं.”

मी रायफल हिसकावून घेतली, तोंड जमिनीकडे केलं आणि लिव्हर ओढली. काडतूस रांगोळीत पडलं आणि घरंगळत काकूंच्या पायाशी गेलं. काळं पडलेलं पितळ. भास्करचा फोन तसाच वर धरलेला होता. मी खिशात हात घातला. स्प्रिंग हाताला टोचली.

काकूंनी वाकून काडतूस उचललं, त्याला कुंकवाचं बोट टेकवलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

“ठेव परत,” त्या म्हणाल्या. “एक राहू दे.”